एका रकान्याचे शास्त्र

चकलीच्या भाजणीत काय काय पडते, हे घरातल्या कोणाही जाणत्या बाईला विचारावे. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे. थालीपिठाची भाजणी असली तर ज्वारी, बाजरी, गहू ह्यांची त्यात भर. प्रमाण घरोघर निराळे, आणि प्रत्येक घराचा आपल्या प्रमाणाविषयीचा अभिमान तर त्याहून निराळा. पण एकच धान्य दळून केलेल्या पिठाला भाजणी म्हणणारे घर मी अद्याप पाहिलेले नाही. ज्या शेतांतून ही भाजणी आली, ती शेतेही एके काळी अशीच होती. आज डबा तेवढा मिश्र राहिला आहे. शेत मात्र एकसुरी झाले. डब्यातले तांदूळ एका प्रांतातून येतात, हरभरा दुसऱ्या प्रांतातून, आणि वरणाची तूर तर पुष्कळदा म्यानमार आणि मोझांबिक येथून बोटीने येऊन आपल्या कुकरात शिजते.

फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकाला शेतीशास्त्रातली भांडणे ऐकविणे सभ्यपणाचे नव्हे, हे मी जाणतो. परंतु हे भांडण त्या ताटाविषयीच आहे, आणि ते शेतकी महाविद्यालयांच्या चार भिंतींआड मिटविले जाईल अशी आशा मला राहिलेली नाही. अठ्ठावीस वर्षे मी त्याच भिंतींआड शिकविले आहे.

मध्यंतरी एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता उद्याच्या अन्नाचा. तेथे एका विद्वान गृहस्थांनी 'अ‍ॅग्रोइकॉलॉजी'ची व्याख्या केली ती अशी : "अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणजे इंग्रजी शिकलेली आजीबाई." सभागृह खळखळून हसले. त्यानंतर दुसरे एक वक्ते उठले, ते ह्या शास्त्राचे कैवारी. त्यांनी सांगितले की, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊकच होते, प्रयोगशाळांची गरजच काय? तेव्हा टाळ्या पडल्या. मला त्या हशात आणि त्या टाळ्यांत काही फरक दिसेना. एकाने म्हटले की हे शास्त्रच नव्हे, म्हणून नको. दुसऱ्याने म्हटले की हे शास्त्र नव्हे, म्हणूनच हवे. हे एक शास्त्र आहे, मोजून पाहण्याजोगे आणि मोजून पाहिलेले आहे, हे सांगणारा तेथे कोणी नव्हता. ते काम ह्या लेखात करावे म्हणतो.

शब्द प्रथम निकालात काढू. 'अ‍ॅग्रोइकॉलॉजी' हे नाव गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बेन्सिन नावाच्या रशियन कृषितज्ज्ञाने वापरले. मराठीत त्याला कृषिपरिस्थितिविज्ञान म्हणता येईल; पण हा शब्द उच्चारून होईतो पेरणीची वेळ टळेल, म्हणून मी आपले 'शेताचे परिसरशास्त्र' म्हणतो. ह्या शास्त्राचा विषय एकटे रोप नाही, सबंध शेत आहे : पीक, तण, किडी, त्या किडींना खाणाऱ्या किडी, मातीतले जंतू, गुरे, पाऊस, आणि हे सारे चालविणारा माणूस व त्याच्या मानेवर बसलेला बाजार. ह्यांतले एक हलविले की दुसरे काय हलते, हे ते पाहते. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत 'बेवड' असा एक शब्द आहे. गेल्या हंगामातल्या पिकाने जमिनीत मागे जे ठेवले, त्याचा पुढच्या पिकावर जो परिणाम होतो तो बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याचा वाईट, असे म्हातारे शेतकरी सहज बोलून जातात. इंग्रजी ग्रंथांत ज्याला सबंध प्रकरण लागते ते ह्या तीन अक्षरांत आहे. पण शब्द असणे म्हणजे शास्त्र असणे नव्हे. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतला नत्र बांधतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ ह्यांनी १८८८ च्या सुमारास दाखविले, तेव्हा कोठे बेवडाच्या शब्दाला कारण मिळाले. शब्द आमचा, कारण त्यांचे, दोन्ही लागतात.

आता ज्वारी-तुरीचे घेऊ, कारण हे उदाहरण माझ्या मते सर्वांत पक्के आहे. मराठवाड्यात, विदर्भात, खालच्या कर्नाटकात आणि तेलंगणात ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ टाकण्याची रीत फार जुनी. ह्या रीतीकडे पहिल्या पिढीतले कृषिअधिकारी गबाळेपणा म्हणून पाहत. एका शेतात दोन पिके म्हणजे शेतकऱ्याचे मन ठिकाणावर नाही! पुढे १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू शेतीसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था निघाली, आणि तेथे विली आणि राव ह्या शास्त्रज्ञांनी हा गबाळेपणा फूटपट्टीने मोजावयाचे ठरविले. त्यांनी काय केले, तर ज्वारी-तुरीच्या मिश्रपिकावर निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या साली झालेल्या ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. ठराविक किमान उत्पन्नही हाती आले नाही तर ते साल बुडाले असे मानावयाचे, आणि मग विचारावयाचे की किती वर्षांतून एकदा बुडते? १९८० साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते : नुसती तूर पेरली तर पाच वर्षांतून एकदा, नुसती ज्वारी पेरली तर आठ वर्षांतून एकदा, दोन्ही मिळून पेरली तर छत्तीस वर्षांतून एकदा.

हे आकडे वाचकाने पुन्हा एकदा वाचावेत. पाच, आठ आणि छत्तीस. ज्याच्या डोक्यावर सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज आहे त्याला ह्या तीन आकड्यांतले अंतर काय असते, हे सांगावयास मराठी वाचकाला कोणी अर्थशास्त्रज्ञ नको. पाच वर्षांतून एकदा बुडणाऱ्या माणसाच्या मुलाच्या शाळेत एकदा तरी खंड पडतो.

ह्यात जादू नाही. तूर पहिले दोन-तीन महिने रांगत असते. तिला तेव्हा ना फार ऊन लागते ना फार पाणी. त्या काळात ज्वारी उंच वाढते, कणसावर येते आणि कापून घरी जाते. मग मोकळ्या झालेल्या जागेत तूर पसरते आणि खोल गेलेल्या मुळांनी, ज्वारीला कधीच पोचता आले नसते अशा थरातला ओलावा शोषून हिवाळा काढते. पाऊस लवकर संपला तर ज्वारी साधलेली असते. मधेच दडी मारून उशिरा आला तर तूर साधते. शिवाय १९९० साली आए नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्याच संस्थेत काम करून असे दाखविले की, तांबड्या जमिनीत लोहाशी घट्ट बांधलेला, एरवी पिकांना न मिळणारा स्फुरद तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल सोडून सोडवून घेतात. म्हणजे तूर ही शेजारणीच्या ताटातले ओढणारी नव्हे, बंद फडताळाची किल्ली जवळ असलेली आहे. आजीबाईला हे आम्ल ठाऊक नव्हते. परंतु तिने तूर पेरणे सोडले नव्हते, आणि परिसंवादातल्या विद्वानांनी ते आम्ल माहीत असूनही तुरीची ओळ गाळली.

का गाळली? कारण त्यांच्या वहीत तिला रकाना नव्हता. मी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मिश्रपिकावर प्रबंध लिहिला. गरीब घरचा, कष्टाळू मुलगा. दोन हंगाम चिखलात उभा राहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ज्वारीचे एकरी उत्पन्न किती?" मुलाने सांगितले. "म्हणजे निर्भेळ ज्वारीपेक्षा कमी!" असे म्हणून परीक्षक पुढच्या पानाकडे वळले. तूर किती आली, कडबा किती निघाला, खत किती वाचले, पुढच्या पिकाला काय मिळाले, हे त्यांनी विचारलेच नाही. एक एकरातून जेवढी ज्वारी आणि तूर मिळून निघाली, तेवढीच वेगवेगळी काढावयाची तर किती जमीन लागली असती, हा प्रश्न मीड आणि विली ह्यांनी १९८० सालीच सूत्रात बसवून ठेवला होता. परीक्षकांच्या छापील तक्त्यावर ते सूत्र चढलेले नव्हते.

गंमत अशी की, हा रकाना आपल्याकडे होता, आणि तोही तलाठ्याच्या दप्तरात. साताबारा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो. त्यातला गाव नमुना बारा उघडून पाहावा. त्यात 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' असे दोन स्वतंत्र भाग आहेत. मिश्रणात कोणकोणती पिके आहेत आणि प्रत्येकाखाली किती जमीन आहे, हेही नोंदविण्याची सोय आहे. महसुलासाठी का होईना, शेतात दोन पिके एकत्र नांदू शकतात हे सरकारी कागदाने मान्य केले होते. उत्पन्नाचे विक्रम मोजणाऱ्या शास्त्राने ते नाकारले. पीकविमा उतरवावयाचा तोही एकेका पिकाचा. जालन्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा ऐकविले होते, "मास्तर, ज्वारी भाकरीला, तूर वरणाला आन् कडबा ढोरायला. ह्यातलं तुमच्या वहीत काय काय उतरलं?"

कडब्याचेच पाहा. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरघोस, पीक लवकर हाती येणारे. शास्त्रज्ञांची ती खरीखुरी करामत होती आणि दुष्काळी काळात तिचा उपयोगही झाला. पण ताट बुटके, म्हणून कडबा कमी. आणि पीक लवकर तयार होई, म्हणून कणीस भर पावसात सापडे आणि दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडे. ज्यांनी क्विंटल मोजले त्यांना हे वाण श्रेष्ठ वाटले. ज्याच्या दावणीला दोन बैल आणि एक म्हैस होती, त्याने ताटाची उंचीही मोजली. शेतकरी अडाणी म्हणून नवे वाण घेत नाही, असे अहवाल त्या काळी लिहिले गेले. तो एकाऐवजी तीन रकान्यांचा हिशेब करीत होता, हे त्या अहवालांत नाही.

ज्याला रकाना नाही त्याचा बळी देणे फार सोपे जाते. ह्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण इंडोनेशियातले आहे. आपल्याप्रमाणेच तो भात खाणारा, दाटीवाटीचा देश. नव्या वाणांच्या आणि खतांच्या बळावर तो १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला. आणि लगोलग तपकिरी तुडतुड्याने जावा बेटावरची भातशेते जाळल्यासारखी वाळवून टाकली. सरकारने औषधांवर भरमसाट अनुदान दिले होते. शेतकरी फवारीत होते. आणि जेथे फवारणी अधिक तेथे तुडतुडे अधिक, असा चमत्कार दिसू लागला. कीटकशास्त्रज्ञांनी शेतात उतरून पाहिले तेव्हा कारण सापडले. तुडतुड्याची अंडी पानाच्या देठात टोचलेली असतात, तेथे औषध पोचत नाही. औषधाने मरतात ते शेतातले कोळी आणि तुडतुडे खाऊन जगणारे इतर कीटक. काही दिवसांनी अंडी फुटतात आणि पिले पाहतात तो घर मोकळे, पहारेकरी नाहीसे!

१९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो ह्यांनी एका आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी केली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत औषधांवरचे अनुदानही काढून घेतले. औषधे गेली आणि भाताचे उत्पन्न पडले नाही. नंतरच्या संशोधनात तर आणखी सुरेख गोष्ट हाती आली. तुडतुडे येण्याच्या आधीच कोळी शेतात भरपूर कसे असतात? ते तोपर्यंत खातात काय? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले की, चिखलातल्या कुजक्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर वाढणारे चिलटांसारखे निरुपद्रवी कीटक हे त्यांचे अन्न. म्हणजे शेणखत आणि पालापाचोळा घातला की नुसते रोप पोसले जाते असे नव्हे. पुढच्या महिन्यात लागणारे शिपाईही पोसले जातात. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शाळा निघाल्या. पंचवीसेक शेतकरी आठवड्यातून एकदा बांधावर जमत, शेतातले मित्र आणि शत्रू मोजीत, त्यांची चित्रे कागदावर काढीत आणि फवारावयाचे की नाही ते आपसांत ठरवीत. आपल्याकडे कृषिखात्याने हाच प्रयोग 'शेतीशाळा' ह्या नावाने आणला. नाव छान आहे. पण शाळेत मुलाने पाटीवर काय काढले ह्यापेक्षा किती शाळा भरल्या ह्याचेच कोष्टक वर जात असेल, तर पुन्हा आपण एका रकान्याशीच आलो.

ज्यांना इंडोनेशिया दूर वाटतो त्यांनी यवतमाळ आठवावे. बीटी कापसाला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळी संपली असे ढोल वाजले. शेताच्या कडेला साध्या कापसाच्या ओळी लावा, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती वाढणार नाही, हा परिसरशास्त्राचा नियम बियाण्याच्या पाकिटासोबतच सांगितलेला होता. तो पाळला जातो की नाही हे पाहणे कोणाच्याच गळ्यात नव्हते. दहा-पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळी ते विष पचवू लागली. पुन्हा फवारण्या वाढल्या, आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्यांतल्या कित्येकांचे स्वतःचे शेतही नव्हते. ते दुसऱ्याच्या कापसावर मजुरीने फवारीत होते.

येथपर्यंत वाचून आमच्या पंथाचे लोक खूष झाले असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

नैसर्गिक शेतीच्या नावाने सध्या जे सांगितले जाते, त्यातला बराच भाग ह्या शास्त्राचा शत्रू आहे असे माझे मत आहे. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, जमिनीत सगळे काही आहेच, बाहेरून काही घालावयास नको, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. ठीक आहे, मोजू. जीवामृताची प्रचलित कृती एका एकराला अशी : दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. ताज्या शेणात नत्र शेकडा अर्ध्याहून कमी, मूत्रात शेकडा एकाच्या आसपास, बेसनात शेकडा साडेतीन. बेरीज केली तर उदार हाताने पाव किलो नत्र भरतो. दहा क्विंटल ज्वारीच्या दाण्यात मात्र सोळा किलोंच्या आसपास नत्र असतो, कडब्यातला वेगळाच. महिन्याला एक पिंप ओतले, चार महिने ओतले, तरी एक किलो झाला. बाकीचा पंधरा किलो कोठून आला?

ह्यावर उत्तर असे येते की, जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे. ते जंतूंना जागे करते. उपमा उत्तम आहे. पण विरजण लावावयास पातेल्यात दूध लागते. जमिनीतले दूध म्हणजे सेंद्रिय पदार्थ. तो शेणखताने, पाल्याने, हिरवळीच्या खताने, द्विदल पिकांच्या मुळांनी भरला असेल तर त्या नत्राचा हिशेब लागतो. आणि तो लागत असेल तर श्रेय पिंपाला नाही, फेरपालटीला आणि तुरीच्या ओळीला आहे. पिंपाने काही होतच नाही असे मी म्हणत नाही. शेजारीशेजारी पट्टे आखा, एकात घाला, एकात घालू नका, पाच वर्षे मोजा आणि आकडे चव्हाट्यावर मांडा, एवढेच म्हणतो. ह्याला जो श्रद्धेचा अपमान समजतो, त्याच्या हाती शेत देऊ नये.

अशी मोजणी करण्याची आपल्याकडे परंपरा नाही असेही नाही. आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा येथे आला आणि १९२४ साली इंदूरला त्याने स्वतंत्र संस्था उभी केली. चिनी शेतकऱ्यांचे वाचून आणि हिंदी शेतकऱ्यांचे पाहून त्याने कंपोस्टाची 'इंदूर पद्धत' बसविली : थर कसे द्यावयाचे, मूत्राने भिजलेली माती आणि राख किती, ओल किती, ढीग केव्हा उलथावयाचा. ढिगाच्या पोटातले तापमान मोजून आणि नत्र तपासून तीन महिन्यांत खत होते हे त्याने दाखविले. १९३१ साली त्याचे पुस्तक निघाले, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. साऱ्या जगातले सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डला गुरुस्थानी मानतात. वाडांचे नाव आपल्या किती शेतकी पदवीधरांना ठाऊक आहे? परदेशी म्हणून एकाला नाकारणारे आणि प्राचीन नाही म्हणून दुसऱ्याला विसरणारे, दोघेही आपल्याकडे सुखाने नांदतात.

श्रीलंकेचे नाव घेतल्याविना हल्ली कोणताही वाद पुरा होत नाही, म्हणून तेही. एप्रिल २०२१ मध्ये तेथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका रात्रीत बंद केली. भात कोसळला, चहा कोसळला, नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. आमचे विरोधक हे उदाहरण ढालीसारखे पुढे करतात. वास्तविक परिसरशास्त्राचा पहिला धडाच हा की, गुंतलेल्या गोष्टींतली एक उपटली की बाकीच्या हलतात. तिजोरीत डॉलर नाहीत म्हणून काढलेल्या हुकमाला ह्या शास्त्राचे नाव देणे म्हणजे रेशन बंद करून त्याला एकादशी म्हणणे होय.

आणि उत्पन्न? ह्या शेतीने पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे, आणि टाळणाऱ्याचा मला राग येतो. १९६६ साली अमेरिकन गव्हाच्या बोटींची वाट पाहणारा हा देश होता. त्याच वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले आणि पुढे पाच वर्षांत चित्र पालटले. ज्यांनी ते केले त्यांना खलनायक ठरविणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ११५ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सेंद्रिय शेतीचे उत्पन्न सरासरीने शेकडा एकोणीस कमी भरले. हे लपवू नये. पण त्याच आकड्यांत पुढे असेही आहे की, जेथे मिश्रपीक किंवा फेरपालट होती तेथे ही तूट शेकडा आठ-नऊवर आली. चीनच्या युनान प्रांतात तर रासायनिक खतांवरच्या साध्या भातशेतीत एवढेच केले, की रोगाला बळी पडणारे चिकट भाताचे वाण आणि रोग सोसणारे संकरित वाण ओळी मिसळून लावले. त्या नाजूक वाणावरचा करपा शेकडा ९४ ने घटला आणि त्याचे उत्पन्न शेकडा ८९ ने वाढले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि हजारो शेतकऱ्यांच्या शेतांत झाला होता. औषध कंपनीने असा आकडा आणला असता तर चौकाचौकात फलक लागले असते.

मेक्सिकोचे नाव निघालेच आहे, तर तेथली एक गोष्ट आपल्या घरची आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक इंग्रजांना चुकवीत फिरत मेक्सिकोला पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. त्याच चापिंगोत पुढे एफ्राइम एर्नांदेस शोलोकोत्सी हे प्राध्यापक होते. बोर्लॉगने ज्या रॉकफेलर कार्यक्रमात गहू घडविला, त्याच कार्यक्रमासाठी हे गृहस्थ खेडोपाडी हिंडून मक्याचे वाण गोळा करीत. हिंडता हिंडता त्यांच्या ध्यानात आले की, कणीस पिशवीत येते, पण मक्याच्या ताटावर चढलेला घेवडा आणि खाली जमीन झाकणारा भोपळा मागेच राहतो. मेक्सिकोत शेताचे परिसरशास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत त्यांचे नाव पहिले घेतात. बुटका गहू आणि हे शास्त्र एकाच देशातून निघाले. आपण बोटीत फक्त गहू भरला.

आता पैशाचे, म्हणजे खऱ्या भांडणाचे. २०२२-२३ साली भारत सरकारने खतांच्या अनुदानावर सव्वादोन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले, त्याची तरतूद २,४८१ कोटींची. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या गळ्यातली घंटा; आणि मग विचारावयाचे की, घंटेने ओंडका का ओढला नाही? ह्या विषमतेत कोणाचा कट नसेलही. कारण फार साधे आहे. बियाणे पाकिटात बांधता येते, युरिया गोणीत, औषध बाटलीत. तुरीची ओळ कशात बांधणार? कोळी कोणत्या दुकानात विकणार? जे विकता येत नाही त्याच्या संशोधनावर कंपनी पैसा घालणार नाही, आणि त्याबद्दल तिला दोष देणेही व्यर्थ. म्हणूनच हे काम लोकांच्या पैशाने चालणाऱ्या विद्यापीठांचे आहे.

केनियातले एक उदाहरण येथे देतो, कारण त्याचा आपल्या ज्वारीशी थेट संबंध आहे. तेथे मक्याला आणि ज्वारीला खोडकिडा आणि टारफुला असे दोन रोग जडलेले. त्यांतला एक खोडकिडा तर आशियातूनच तिकडे गेलेला. नैरोबीच्या कीटकसंस्थेने ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची द्विदल वेल लावली, बांधावर हत्तीगवत. वेलीच्या वासाने पतंग दूर जातात, गवताच्या वासाने बांधाकडे ओढले जातात. वेलीच्या मुळांतला स्राव टारफुल्याचे बी फसवून उगवायला लावतो, पण त्याला मुळाला चिकटू देत नाही, म्हणून ते तेथेच मरते. वर गुरांना वैरण मिळते. हे शोधून काढावयास वर्षानुवर्षे पगारी रसायनशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ लागले, आणि शेवटी जे हाती आले ते कोणीही शेजाऱ्याकडून मागून आणून लावावे असे. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत टारफुला दिसला की तो आजही वाकून उपटतो.

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषिविद्यापीठे आहेत. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाचे एक शेत आहे. १८४३ सालापासून तेथे गव्हावर एकच प्रयोग अखंड चालू आहे. राण्या गेल्या, राजे गेले, दोन महायुद्धे झाली, पण नोंदवही बंद पडली नाही. माझे मागणे एवढेच आहे की, ह्या चारही विद्यापीठांत असे एकेक शेत असावे : परभणीला ज्वारी-तुरीचे, अकोल्याला कापूस-तूर-मुगाचे, राहुरीला बाजरी-मटकीचे, दापोलीला भात आणि त्यामागून वालाचे. शेजारी निर्भेळ पिकाचा पट्टा, एक जीवामृताचा, एक युरियाचा, एक कशाचाच नाही असा. दाणा, कडबा, नत्र, कोळी, ओल, मजुरी आणि हाती उरलेला रुपया, असे सात रकाने. पन्नास वर्षे. खर्च फार नाही : दोन-चार एकर जमीन, एक पर्जन्यमापक, एक जाड वही, आणि ती भरणारा कायम नेमणुकीचा माणूस. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या विभागातली ती शेवटची जागा रिकामी झाली, आणि भरतीची जाहिरात निघाल्याचे मी अजून वाचलेले नाही.